फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया बेटांवर पक्ष्यांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अटलांटिकच्या या बेटांवर जायचं ठरलं, की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: लेन्स किती मोठी घेऊ? इतर रानांत पक्षी पळतो आणि आपण त्याच्या मागे जातो, त्या सवयीतून हा प्रश्न आलेला असतो. इथे पक्षी पळत नाही. उलट पेंग्विनच तुमच्या बुटांकडे चालत येतो, मान वाकडी करून बघतो आणि पुढे निघून जातो. त्यामुळे इथली कसोटी वेगळी असते, आणि खालची बरीचशी उत्तरं तिच्याभोवतीच फिरतात.

ही बेटं नेमकी आहेत कुठे? एकाच सफरीत दोन्ही होतात का?

फॉकलंड दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर पूर्वेला आहे. पूर्व आणि पश्चिम फॉकलंड ही दोन मोठी बेटं, आणि भोवती सातशेहून जास्त छोटी. साउथ जॉर्जिया तिथून आणखी सुमारे १,४०० किलोमीटर आग्नेयेला आहे. तिथे विमानतळ नाही, जहाजानेच जावं लागतं आणि फॉकलंडहून पोहोचायला दोन दिवस तरी लागतात.

सफरीचे प्रकार दोन. एक, फॉकलंडला विमानाने जाऊन बेटांवरच मुक्काम करायचा आणि छोट्या विमानाने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं. दुसरा, मोहिमेच्या जहाजाने फॉकलंड, साउथ जॉर्जिया आणि बहुधा अंटार्क्टिक द्वीपकल्प असं एका दमात करायचं. ज्याला फक्त फोटो हवेत आणि एकच निवडायचं आहे, त्याला मी पहिला प्रकार सुचवतो. जहाजावर प्रकाश कसाही असो, परतायची वेळ ठरलेली असते. बेटावर मुक्काम असला की पहाट आणि संध्याकाळ तुमची. मात्र दीड लाख जोड्यांची किंग पेंग्विनची वसाहत बघायची तर जहाजाला पर्याय नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मार्च हा विणीचा हंगाम, पण त्यातला प्रत्येक महिना निराळा. काळ्या भुवयांचे अल्बट्रॉस ऑक्टोबरमध्ये अंडी घालतात, डिसेंबरात पिल्लं बाहेर येतात आणि एप्रिलच्या सुमारास ती उडून जातात. रॉकहॉपर पेंग्विनची अंडी नोव्हेंबरात, पिल्लं डिसेंबरात. जेंटू पेंग्विनची पिल्लं नोव्हेंबरअखेरपासून दिसू लागतात. जानेवारीत ती चांगली धष्टपुष्ट होतात आणि खाऊसाठी आईबापांच्या मागे धावत सुटतात. हा पाठलाग फोटोसाठी फार मजेचा असतो. दोन पिल्लांपैकी जे जिद्दीने पळतं त्याला घास मिळतो, दुसरं अडखळून चिखलात पडतं.

किंग पेंग्विनचं गणित वेगळं. एका पिल्लाला वाढवायला त्यांना वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून त्यांच्या वसाहतीत केव्हाही गेलात तरी अंडी, पिल्लं, पिसं गाळणारे पक्षी यांपैकी काही ना काही सापडतंच. भटक्या अल्बट्रॉसच्या बाबतीत मात्र तारखा बघून आखणी करा. साउथ जॉर्जियाच्या ज्या प्रायन बेटावर त्यांची घरटी बघता येतात, ते २० नोव्हेंबर ते ७ जानेवारी या काळात पर्यटकांना बंद असतं, कारण तेव्हा वाटेवर फर सीलची वीण चालू असते.

एकच महिना सांगा म्हणाल तर फॉकलंडसाठी डिसेंबरचा उत्तरार्ध.

मग लेन्स किती मोठी?

१०० ते ४०० मिलिमीटरची झूम आणि सोबत २४ ते १०५ सारखी एक सर्वसाधारण लेन्स. एवढ्यात नव्वद टक्के काम भागतं, असं माझं मत आहे. ६०० मिलिमीटरची जड प्राइम (म्हणजे झूम न होणारी) लेन्स नेणारे लोक पहिल्या दिवशी मिरवतात आणि तिसऱ्या दिवशी ती खोलीत ठेवून येतात. याचं एक कारण वजन. दुसरं जास्त महत्त्वाचं: पेंग्विन सहा मीटरवर उभा असताना त्या लेन्सच्या चौकटीत जेमतेम त्याचं डोकं मावतं.

मोठी लेन्स खरोखर कामाला येते ती जहाजावरून उडते पक्षी टिपताना आणि छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांसाठी. कॉब्ज रेन हा फॉकलंडशिवाय कुठेच न आढळणारा पक्षी मुठीएवढाही नसतो. पण त्यासाठीसुद्धा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) लावलेली १००-४०० पुरते.

आणि दुरून मोठ्या लेन्सने फोटो काढण्यात एक छुपी अडचण आहे. उन्हात तापलेल्या वाळूवरून किंवा दाट वसाहतीवरून हवा लहरत असते. पन्नास मीटरवरून काढलेला फोटो मग कितीही महाग लेन्स असली तरी मऊ येतो आणि आपण दोष फोकसला देतो.

सामानाच्या वजनाची मर्यादा किती?

फॉकलंडच्या अंतर्गत विमानसेवेत माणशी २० किलो धरून चाला. विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन पंख्यांचं लाल खेळणंच म्हणा ना. त्यात तुमचं स्वतःचं वजनही विचारतात, तेव्हा लाजून कमी सांगू नका, वैमानिक त्यावरूनच भार वाटून देतो. उतरायचं ते गवताच्या पट्टीवर नाहीतर किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी कोण कुठे जाणार याचा मार्ग आदल्या संध्याकाळी ठरतो. त्यामुळे कपडे कमी करा, कॅमेऱ्याची दुसरी बॉडी काढू नका. इथे कॅमेरा बिघडला तर दुरुस्तीचं दुकान नाही.

फॉकलंडमध्ये कुठल्या बेटांवर किती दिवस?

चिलीहून येणारं प्रवासी विमान आठवड्यातून एकदाच येतं, म्हणून सफर सात किंवा चौदा दिवसांचीच होते. सात दिवसांत तीन बेटं करा, पाच नको. हवामानामुळे एखादं विमान रद्द झालं की पाच बेटांचा सगळा डोलारा कोसळतो.

सॉन्डर्स बेटावर ‘नेक’ नावाची वाळूची चिंचोळी पट्टी आहे. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये जेंटू, थोडे किंग, बिळांतले मॅगेलॅनिक आणि वरच्या उतारावर रॉकहॉपर. याच बेटावर दुसरीकडे ‘रूकरी’ नावाची जागा आहे. तिथे कड्यावरून गोड्या पाण्याची धार पडते आणि रॉकहॉपर रांग लावून तिच्याखाली आंघोळ करतात. रांग मोडणाऱ्याला चोच बसते. मी तिथे एक अख्खी दुपार काढली आणि आणखी एक काढायला तयार आहे.

सी लायन बेट चालायला सोपं, निवासाच्या दारातून बाहेर पडलं की जेंटू. किनाऱ्यावर एलिफंट सील लोळत असतात.

कारकस बेटाचं नाव भयंकर वाटतं, पण ते १७६६ मध्ये इथे आलेल्या एका ब्रिटिश जहाजाचं नाव आहे. या बेटावर उंदीर आणि मांजरं कधी पोहोचलीच नाहीत. परिणामी इतर ठिकाणी लपून राहणारे छोटे पक्षी इथे बिनधास्त फिरतात. टसॅकबर्ड तर बुटाच्या नाडीवर चोच मारून बघतो.

व्हॉलंटिअर पॉइंट हे पूर्व फॉकलंडवरच, राजधानी स्टॅन्लीहून गाडीने. शेवटचा टप्पा रस्ता नसलेल्या दलदलीच्या रानातून. स्टॅन्लीबाहेरच्या सगळ्या मुलखाला तिथले लोक ‘कॅम्प’ म्हणतात, स्पॅनिश ‘काम्पो’वरून. हा प्रवास हाडं खिळखिळी करतो, पण फॉकलंडमधली किंग पेंग्विनची सर्वांत मोठी वसाहत तिथे आहे. दिवसाची सहल न करता रात्री राहायला मिळत असेल तर राहा.

पक्ष्यांच्या किती जवळ जाता येतं?

फॉकलंडच्या नियमावलीत सहा मीटर. अंटार्क्टिक भागात जाणारी जहाजं पाच मीटरचं किमान अंतर पाळतात, आणि जायंट पेट्रेलसारखा घाबरट पक्षी घरट्यावर असेल तर त्याहून खूपच जास्त. वाटाड्या म्हणेल ते अंतर अंतिम.

पण अंतराचा आकडा पाठ करून भागत नाही, इथेच घोडं पेंड खातं. पेंग्विन पळाला नाही म्हणजे त्याला काही वाटलं नाही, असं नसतं. अंड्यावर बसलेल्या पेंग्विनच्या जवळ माणूस गेला की त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, हे मोजून पाहिलेलं आहे. बाहेरून तो तसाच बसलेला दिसतो. त्याचे शत्रू पाण्यात आणि आकाशात असतात, जमिनीवर दोन पायांनी चालणाऱ्या प्राण्यापासून पळायचं त्याला माहीतच नाही. आणि अंडं सोडून जाणार कुठे? क्षणभर उठला तरी वर घिरट्या घालणारा स्कुआ (अंडी-पिल्लं पळवणारा समुद्रपक्षी) तेवढीच संधी बघत असतो.

म्हणून अंतर तुम्ही ठरवू नका. पाच-सहा मीटरच्या बाहेर एक जागा पकडा आणि वीस मिनिटं हलू नका. पक्षी आपणहून जवळ आला तर नियम मोडत नाही, तो त्याचा निर्णय असतो. फक्त समुद्र आणि वसाहत यांच्यामधल्या वाटेवर उभे राहू नका. पेंग्विनच्या पायवाटा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. पोट भरून परतलेला पक्षी तुमच्यामुळे अर्धा तास पाण्याकाठी ताटकळला, तर तिकडे पिल्लू उपाशी बसतं.

जमिनीवर पालथं पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो काढता येतो ना?

पूर्वी सगळे तेच करत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या भागात बर्ड फ्लूचा घातक प्रकार पोहोचला. साउथ जॉर्जियात आधी स्कुआ मेले, मग एलिफंट सील मोठ्या संख्येने मेले. त्यामुळे मोहिमेच्या जहाजांवरून उतरणाऱ्यांना किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायला, झोपायला, इतकंच काय बॅग खाली ठेवायलाही मनाई केली गेली. जमिनीला फक्त बुटांचे तळवे टेकायचे, कारण तेच धुऊन निर्जंतुक करता येतात. तुमच्या सफरीच्या वेळी नेमका काय नियम आहे, ते जहाजावरच्या माहिती-सत्रात कळेलच. मनाची तयारी मात्र न बसण्याची ठेवा.

मग खालचा कोन कसा मिळवायचा? उलगडणाऱ्या स्क्रीनचा कॅमेरा असेल तर तो पट्ट्याला धरून गुडघ्याखाली लोंबकळवा आणि स्क्रीनमध्ये वरून बघा. डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू ठेवा. मोनोपॉडला, म्हणजे एका पायाच्या स्टँडला, कॅमेरा उलटा अडकवून घोट्याच्या उंचीवर नेणारेही आहेत. दिसायला वेडेपणा, पण फोटो उत्तम येतात, फक्त मोनोपॉडचं टोक जमिनीला लागू देऊ नका. तिसरा उपाय सर्वांत सोपा: तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला उभे राहा, पक्षी वरच्या बाजूला असू दे.

आणि उभ्याने फोटो काढल्यावर किंग पेंग्विनची फार मोठी अडचण येत नाही. तो तुमच्या कमरेपर्यंत येतो.

शटर स्पीड, ॲपर्चर वगैरे काय ठेवू?

चालणाऱ्या पेंग्विनला १/१००० सेकंद. लाटेतून उसळून बाहेर येणाऱ्या जेंटूला किंवा उडत्या अल्बट्रॉसला १/२००० ते १/३२००. ॲपर्चर एफ ६.३ ते ८, आयएसओ ऑटोवर. याहून जास्त विचार तिथे करायला वेळ नसतो, सेटिंग घरीच ठरवून कस्टम बटणावर ठेवा.

पेंग्विनचा पांढरा भाग जळतो किंवा काळा भाग कोळसा होतो. काय करावं?

कॅमेऱ्याला बिचाऱ्याला कळत नाही की समोर काय आहे. चौकटीत काळी पाठ जास्त आली की तो उजेड वाढवतो आणि पांढरं पोट जळून सपाट होतं. नियम साधा ठेवा: पांढऱ्याला जपा. एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी, हिस्टोग्रामची (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड मोकळी, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. काळ्यातलं तपशील नंतर बरंच वर काढता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही. बर्फाची पार्श्वभूमी असेल तेव्हा मात्र उलट, तिथे एक्सपोजर थोडं वाढवावं लागतं.

खरं तर ढगाळ दिवस मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. किंगच्या कानामागची नारिंगी आणि गळ्याजवळची पिवळी छटा मऊ प्रकाशात जास्त खुलते. आणि ढग तिथे भरपूर मिळतात.

ऊन असेल तर दिशेचं भान ठेवा. दक्षिण गोलार्धात भरदुपारचा सूर्य उत्तरेला असतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला आयुष्य काढलेला माणूस सवयीने उलट्या बाजूला जाऊन उभा राहतो. डिसेंबरअखेर स्टॅन्लीत पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि रात्री नऊनंतर मावळतं. चांगला प्रकाश हवा असेल तर झोप दुपारी काढायची.

वारा खरंच इतका असतो का?

असतो. कॅमेऱ्यापेक्षा तुम्हीच जास्त हलता. लेन्सचं हूड भर वाऱ्यात शिडासारखं काम करतं, ते काढून ठेवलं तर हात स्थिरावतो. नेकवर वाळू उडते, तिथे लेन्स बदलायचीच नाही. एका बॉडीवर लांब आणि दुसरीवर रुंद लेन्स चढवूनच निघा. ट्रायपॉड नेऊ नका, मोनोपॉड पुरतो. तो दुसऱ्या कामालाही येतो: स्कुआच्या घरट्याजवळून चुकून गेलात तर पक्षी थेट डोक्यावर झेप घेतो. अशा वेळी मोनोपॉड डोक्याच्या वर उभा धरायचा, तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो. मारायचं नाही, फक्त धरायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं.

पण वाऱ्याला शिव्या देण्याआधी अल्बट्रॉसच्या वसाहतीत जाऊन बघा. वारा पडलेला असताना तो उतरतो तो धडपडत, तोंडावर आपटतो. जोराचा वारा असला की तोच पक्षी तुमच्या डोळ्यांसमोर हवेत जवळजवळ थांबतो, पाय खाली सोडतो, पंखांची टोकं बोटांसारखी हलवतो. सगळ्यात चांगले फोटो मला ज्या दिवशी नीट उभंही राहता येत नव्हतं त्या दिवशी मिळाले.

जहाजावरून उडत्या अल्बट्रॉसचा फोटो धूसर येतो. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा चूक सेटिंगमध्ये नसते. माणूस उडणाऱ्या पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवत राहतो आणि दमतो. अल्बट्रॉस कसा उडतो हे आधी पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघा. लाटांजवळ वारा मंद असतो, वर वेगवान. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन वर चढतो, उंचीवर वळतो, वाऱ्याबरोबर घसरत लाटेच्या पृष्ठापर्यंत येतो आणि पुन्हा वर. पंख हलवत नाही, खांद्याचा सांधा पसरलेल्या स्थितीत अडकवून ठेवतो. हा फेरा ठरलेल्या लयीत चालतो. वरच्या वळणावर तो क्षणभर रेंगाळतो आणि पंखांची पूर्ण वरची बाजू दाखवतो. तिथे दाबायचं. भटक्या अल्बट्रॉसचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात, ते सगळे चौकटीत मावतील इतकी जागा सोडा. मी पहिल्या दिवशी सव्वाशे फोटोंत एका बाजूचं पंखटोक कापलं होतं.

उभं राहायचं ते मागच्या बाजूला, आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर. वरच्या डेकवरून पक्षी डोळ्यांच्या खाली जातो आणि फोटो सपाट होतो. कठड्याला टेकू नका, इंजिनाची थरथर त्यातून थेट लेन्सपर्यंत येते. गुडघे सैल ठेवून जहाजाबरोबर डुलायचं. पक्षी जवळ यायच्या आधीच लांब असताना फोकस पकडा.

जहाज लागलं तर?

डॉक्टरांनी दिलेली गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्या, नंतर उपयोग कमी. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात तर त्रास वाढतो. दर दहा मिनिटांनी क्षितिजाकडे बघा.

रबरी होडीतून उतरताना कॅमेरा कुठे ठेवू?

गुंडाळून तोंड बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत, आणि पिशवी पाठीवर. दोन्ही हात मोकळे हवेत, कारण होडीत चढता-उतरताना खलाशी तुमचं मनगट धरतो आणि तुम्ही त्याचं. साउथ जॉर्जियात उतरणं म्हणजे बहुधा गुडघाभर पाण्यात पाय ठेवणं. गळ्यात कॅमेरा अडकवून ‘पोहोचतानाचे फोटो’ काढायचा मोह होतो. एका लाटेत तो मोह फिटतो.

पावसापेक्षा खारं पाणी वाईट. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्स पुसा, मग कोरड्याने. लेन्सच्या पुढच्या काचेवर साधा संरक्षक फिल्टर इथे तरी लावाच, एरवी मी त्याच्या विरोधात असतो. थंडीतून उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर आतल्या काचांवर दव धरतं. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडायची वेळ येणार नाही.

पक्षी वस्तू पळवतात हे खरं आहे का?

शंभर टक्के. पट्टेदार काराकारा हा ससाण्याच्या कुळातला पक्षी, स्थानिक नाव ‘जॉनी रूक’. जगात तो फार थोडा उरला आहे, पण बाहेरच्या फॉकलंड बेटांवर तुम्हीच त्याला शोधायची गरज नाही, तो तुम्हाला शोधतो. १८३३ आणि १८३४ मध्ये चार्ल्स डार्विन इथे येऊन गेला. काराकाराने एक मोठी टोपी जवळपास मैलभर उचलून नेली आणि लाल चामड्याच्या पेटीतलं छोटं होकायंत्र पळवलं ते परत मिळालंच नाही, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. दोनशे वर्षांत या पक्ष्याने सवय बदललेली नाही. माझं लेन्सचं झाकण गेलं, सोबत्याचा हातमोजा गेला. बॅगेची चेन लावलेली ठेवा, चष्मा दोरीत. खायला काहीही बाहेर काढू नका.

फोटोच्या दृष्टीने मात्र याच्यासारखा नमुना नाही. रुंद लेन्स लावून उभे राहा, तो स्वतः लेन्समध्ये डोकावायला येतो.

वसाहतीत हजारो पक्षी असतात, पण माझ्या फोटोत नुसती गर्दी दिसते. काय चुकतं?

साउथ जॉर्जियाच्या सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत. टेकडीवरून ते दृश्य पहिल्यांदा बघणारा सगळं एका चौकटीत कोंबायला जातो, आणि फोटोत मिरी-मीठ सांडल्यासारखं दिसतं. गर्दीचा फोटो काढायचाच तर तिच्यात आकार शोधा: तपकिरी पिल्लांचे घोळके नदीच्या काठाने वळत गेलेले असतात, त्यांच्यामध्ये मोठ्यांचे पांढरे पट्टे. लांब लेन्सने त्याचा तुकडा कापा.

नाहीतर गर्दीकडे पाठ करा. वसाहतीची कड, पाण्याची रेघ, ओढ्याचं पात्र इथे पक्षी सुटे असतात आणि मागे मोकळी जागा असते. समुद्रातून आलेला पक्षी स्वच्छ असतो, वसाहतीतला शेणामातीने बरबटलेला. एकाच जोडीकडे तासभर बघत राहिलात तर भांडण, मनधरणी, मान वर करून तुतारीसारखी साद, सगळं क्रमाने घडतं. साद सुरू व्हायच्या आधी पक्षी छाती ताणतो, ती खूण ओळखू आली की बर्स्ट (सलग फोटोंची फैर) उगाच उधळावा लागत नाही.

वास? फोटोत येत नाही, हीच काय ती सोय.

निघण्यापूर्वी बूट आणि बॅगा तपासतात, तो काय प्रकार असतो?

बाहेरचं बी, माती, कीटक बेटावर जाऊ नयेत म्हणून. साउथ जॉर्जियासाठी ही तपासणी कडक असते. बुटांच्या खाचा, पँटच्या वेल्क्रोच्या पट्ट्या, मोनोपॉडचे सांधे, आणि सगळ्यात जास्त कचरा निघतो ती जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅगेचे कोपरे. घरीच ती उलटी करून झटका आणि व्हॅक्यूम फिरवा. गवताचं एक कुसळ सापडलं तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते आणि तेवढा वेळ किनाऱ्यावरचा जातो.

या कडकपणामागे मोठी गोष्ट आहे. सील आणि देवमासे मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर साउथ जॉर्जियात उतरले आणि त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. साउथ जॉर्जिया पिपिट हा तिथला एकमेव गाणारा पक्षी उंदीर नसलेल्या थोड्या बेटांपुरता आणि कोपऱ्यांपुरता उरला होता. २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं, आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आता किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या पिपिटचं गाणं ऐकू येतं. सगळे कॅमेरे पेंग्विनकडे रोखलेले असताना तो मागच्या समुद्री शेवाळात किडे टिपत असतो. वळून बघा.

ड्रोन, फ्लॅश, आवाजाची रेकॉर्डिंग वाजवणं चालतं का?

नाही. साउथ जॉर्जियात हौशी ड्रोनला परवानगी नाही, आणि फॉकलंडमध्येही वन्यजीवांजवळ तो उडवायचा विचार डोक्यातून काढून टाका. उडता ठिपका दिसला की वसाहतीला तो शिकारी पक्षी वाटतो. फ्लॅश आणि रेकॉर्डिंगबद्दल वेगळं सांगायला नको.

टसॅक गवतातून चालताना काय सांभाळावं?

माणसाहून उंच वाढणारं हे गवत आहे. त्यात पायाखाली पेंग्विनची आणि पेट्रेलची बिळं असतात, छत पातळ असतं आणि आपण आत कोसळतो, पक्ष्यासकट. मळलेली वाट सोडू नका. साउथ जॉर्जियात गवताच्या ढेकळांमध्ये फर सील झोपलेले असतात आणि ते चावतात. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत मागे पाऊल टाकणं ही या बेटांवरची सर्वांत धोक्याची गोष्ट.

सुरुंगांचं काय? १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले अजून आहेत का?

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये फॉकलंड सुरुंगमुक्त जाहीर झालं. त्याआधी स्टॅन्लीजवळच्या यॉर्क बेमध्ये कुंपणाआड पेंग्विन सुखाने राहत होते, त्यांच्या वजनाने सुरुंग उडत नसत. आता तो किनारा माणसांनाही खुला आहे. लष्करी गोष्टींपैकी एकच लक्षात ठेवा: माउंट प्लेझंट विमानतळ हा हवाईदलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

बॅटऱ्या, चार्जिंग, साठवण?

सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात. फॉकलंडमध्ये ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जास्तीची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. रोज रात्री दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रत करा आणि त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. इंटरनेटवर फोटो चढवून ठेवू, असा बेत आखू नका.

फक्त मोबाइल असेल तर जाण्यात अर्थ आहे का?

आहे. सहा मीटरवरच्या पक्ष्याला मोबाइल पुरतो, आणि खालचा कोन मिळवायला तर तो मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा. उडत्या पक्ष्यांवर पाणी सोडावं लागेल. मनगटाला दोरी बांधा, कारण काराकारा.

आजारी, जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर?

हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, वाटाड्याला सांगायचं. बर्ड फ्लूनंतर हे फक्त शिष्टाचारापुरतं राहिलेलं नाही. मान फिरवत बसलेला, तोल जाणारा पक्षी दिसला की त्याच क्षणी सगळ्यांना मागे घेतलं जातं, कधीकधी अख्खं उतरणं रद्द होतं. कुरकुर करू नका.

स्कुआने पिल्लू उचललं तरी मध्ये पडायचं नाही. पहिल्यांदा बघताना हात शिवशिवतात, बाजूचा कोणीतरी ओरडतोसुद्धा. सॉन्डर्सवर मी तो सगळा प्रसंग शेवटपर्यंत टिपला. पन्नासेक चौकटी झाल्यावर स्कुआ उडाला आणि दगडांपलीकडे उतरला. मी मागोमाग थोडं वर चढून पाहिलं. तिथे त्याची स्वतःची दोन पिल्लं चोच वासून बसली होती. तो फोटो हलला आहे.